एका म्यानात तीन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे म्हणतात. जीवशास्त्राने ही गोष्ट काचेच्या नळीत तपासून पाहिली. मॉस्कोतील संशोधक गेऑर्गी गॉझ तेव्हा ऐन विशीत होते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा पॅरामेशियम हा एकपेशीय जीव त्यांनी निवडला. त्याच्या दोन जाती वेगवेगळ्या नळ्यांत ठेवल्या तर दोन्ही जोमाने वाढत. एकाच नळीत ठेवून दोघींना एकच अन्न, म्हणजे जिवाणू, दिले की काही दिवसांत एक जात वाढत जाई आणि दुसरी नाहीशी होई. हे प्रयोग १९३४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेला नियम आजही पाठ्यपुस्तकात आहे: एकाच अन्नावर, एकाच जागी, एकाच पद्धतीने जगणाऱ्या दोन जाती फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत.

गॉझ यांच्या प्रयोगांचा दुसरा भाग मात्र तितका प्रसिद्ध नाही. त्यांनी जोडी बदलून पाहिली. या वेळच्या दोन जातींपैकी एक पाण्यात तरंगणारे जिवाणू खात होती, तर दुसरी नळीच्या तळाशी बसलेले यीस्ट. दोन्ही टिकल्या. नळी तशीच होती, पाणीही तेवढेच होते. फरक पडला तो कोण काय आणि कुठे खाते यामुळे.

ताडोबा, मेळघाट, पेंच किंवा कर्नाटकातील नागरहोळे या जंगलांत हेच कोडे फार मोठ्या आकारात समोर उभे राहते. तिथे वाघ आहे, बिबट्या आहे आणि रानकुत्रा, म्हणजेच कोळसुंदाही आहे. तिघेही मांसाहारी, तिघांचीही नजर खूर असलेल्या प्राण्यांवर: चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर, भेकर. तिघांची वाट एकच, पाणवठा एकच. गॉझ यांच्या नियमाप्रमाणे यांतला एखादा तरी केव्हाच हद्दपार व्हायला हवा होता. प्रत्यक्षात चांगल्या जंगलात तिघेही पिढ्यानपिढ्या राहतात. एका म्यानात तीन तलवारी राहतात कशा?

विष्ठेतल्या केसांची साक्ष

या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देणारा अभ्यास नागरहोळे येथे झाला. मूळचे यांत्रिकी अभियंता असलेले आणि पुढे वन्यजीव संशोधक झालेले उल्लास कारंत आणि फ्लोरिडा विद्यापीठाचे मेल सनक्विस्ट यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे काम केले. त्यांचा तिन्ही शिकाऱ्यांच्या खाण्यावरचा शोधनिबंध १९९५ मध्ये ‘जर्नल ऑफ ॲनिमल इकॉलॉजी’त प्रसिद्ध झाला.

वाघाला शिकार करताना पाहणे हा नशिबाचा भाग आहे. त्यावर विज्ञान उभे राहत नाही. म्हणून संशोधक वाघाच्या मागे न जाता त्याच्या विष्ठेच्या मागे जातात. मांस पचते, पण भक्ष्याचे केस पचत नाहीत. विष्ठा धुऊन, चाळून त्यातले केस वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. सांबराच्या केसाची रचना वेगळी, चितळाची वेगळी, रानडुकराची वेगळी. ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहिले की कोणी काय खाल्ले हे कळते. रानकुत्र्यांचा कळप बहुधा रस्त्यांच्या चौफुलीवर एकाच ठिकाणी विष्ठा टाकतो, त्यामुळे ती ओळखणे तुलनेने सोपे असते. वाघ आणि बिबट्या यांच्यासाठी आकार, जवळचे ठसे आणि जमिनीवरचे ओरखडे पाहावे लागतात.

यात एक मेख असते. लहान प्राण्यात मांसाच्या मानाने कातडी आणि केस जास्त असतात. त्यामुळे एक ससा आणि एक गवा यांच्या खुणा विष्ठेत सारख्याच प्रमाणात दिसल्या तरी पोटात गेलेल्या मांसात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो हिशेब दुरुस्त केल्यावरच खरा आहार समोर येतो.

नागरहोळेत तो असा आला. वाघाने मारलेल्या प्राण्याचे सरासरी वजन ९१.५ किलो होते. रानकुत्र्यांच्या बाबतीत ते ४३.४ किलो, तर बिबट्याच्या बाबतीत ३७.६ किलो. म्हणजे तिघे एकाच बाजारात जात होते, पण एकाच दुकानात नव्हे. वाघाचा भर गवा आणि सांबर यांच्यावर होता. बिबट्या आणि रानकुत्री प्रामुख्याने चितळाच्या आकाराच्या, मध्यम वजनाच्या प्राण्यांवर जगत होती.

वाघ सशामागे का धावत नाही

यामागे कोणाचा समजूतदारपणा नाही, हिशेब आहे. शिकार हा तोट्यात जाऊ शकणारा धंदा आहे. दबा धरायचा, अंतर कमी करायचे, शेवटच्या काही पावलांत झेप घ्यायची. आणि इतके करूनही बहुतेक प्रयत्न फसतात. पूर्ण वाढलेल्या वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरे लागतात. एका सांबरावर त्याचे काही दिवस निघतात; एका भेकरावर एक वेळही धड भागत नाही. मेहनत जवळपास तीच आणि मोबदला इतका कमी, तर लहान शिकारीमागे लागणे परवडत नाही. उलट बिबट्याने पूर्ण वाढलेल्या गव्यावर झडप घालणे म्हणजे जिवाशी खेळ. एका लाथेने जबडा मोडला तर पुढे उपासमारच. त्यामुळे आपल्या अंगाला झेपेल आणि पोटाला पुरेल, अशा वजनाच्या शिकारीवर प्रत्येकाची निवड स्थिरावते.

मात्र बिबट्या आणि रानकुत्रा यांची भक्ष्याची वजने जवळजवळ सारखी आहेत. तिथे दुसरी वाटणी कामाला येते: वेळेची आणि पद्धतीची. रानकुत्री दिवसा, कळपाने आणि पाठलाग करून मारतात. एकेक रानकुत्रा १५ ते २० किलोचा, पण कळप म्हणून तो आपल्यापेक्षा कितीतरी जड जनावर पाडतो आणि मांस पाहता पाहता संपवतो. बिबट्या बहुतेक वेळा रात्री, एकटा आणि लपून मारतो. शिकार झाडावर चढवून ठेवण्याची त्याची सवयही इथे उपयोगी पडते. वर टांगलेल्या चितळापर्यंत रानकुत्री पोहोचू शकत नाहीत आणि जड वाघालाही ते अवघड जाते.

रात्रीच्या वेळी मग वाघ आणि बिबट्या समोरासमोर येतात. त्यांच्यातला दुवा तोडतो तो भक्ष्याचा आकार. वाघाचे पोट गवा आणि सांबर यांच्यावर भरत असेल, तर चितळ, भेकर, वानर, ससा बिबट्यासाठी उरतात. थोडक्यात, जंगलात कोण टिकणार हे कोण काय खातो यावर जितके अवलंबून असते, तितकेच कोण काय सोडून देतो यावरही असते. वाघ जे सोडतो त्यावर बिबट्या जगतो.

या साऱ्याला कारंत आणि सनक्विस्ट यांनी एक अट जोडली होती. नागरहोळेत तृणभक्षी प्राणी भरपूर होते आणि ते वेगवेगळ्या वजनगटांचे होते. सोडून द्यायला काही उरत असेल तरच सोडून देता येते.

वाटणी मोडते तेव्हा

ही अट किती महत्त्वाची आहे, हे उत्तराखंडातील राजाजी जंगलात दिसले. गंगेच्या पूर्वेकडील चिल्ला भागातून गुज्जर पशुपालकांचे पुनर्वसन झाले. गुरांची वर्दळ कमी झाली, वन्य तृणभक्षी सावरले आणि वाघ परतून स्थिरावले. संवर्धनाच्या दृष्टीने ही यशोगाथाच. पण त्याच काळात तिथल्या बिबट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संशोधकांच्या नोंदी वेगळे सांगत होत्या. २००४-०५ मध्ये दर १०० चौरस किलोमीटरमागे ९.७६ असलेली बिबट्यांची घनता २००७-०८ पर्यंत २.०७ वर आली.

त्यांचे खाणेही बदलले. बिबट्यांच्या आहारातील पाळीव जनावरांचे प्रमाण ६.८ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर गेले. लहान वन्य भक्ष्याचे प्रमाण ९ वरून ३६ टक्क्यांवर. वाघ परतल्यावर बिबट्या जंगलाच्या कडेला ढकलला गेला आणि कडेला जे मिळते ते खाऊ लागला. त्याची किंमत गावातल्या शेळ्या-वासरांनी मोजली.

म्हणजे सहजीवन ही जंगलाला कायमची मिळालेली देणगी नाही. भक्ष्य किती आहे, कोणत्या आकाराचे आहे, कडेला काय उपलब्ध आहे यानुसार ते रोज नव्याने ठरत असते. पश्चिम घाटातील चार संरक्षित जंगलांत स्वयंचलित कॅमेरे लावून कारंत आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच पुढे आले. भक्ष्य विपुल असलेल्या ठिकाणी रानकुत्री दिवसा वावरत आणि निशाचर वाघ-बिबट्यांशी त्यांची गाठ फारशी पडत नसे. भद्रा अभयारण्यात भक्ष्य तुलनेने कमी. तिथे तिघांच्या वावराच्या वेळा एकमेकींत मिसळल्या होत्या. तरीही रानकुत्री मोठ्या मार्जारांना टाळत राहिली. तिन्ही शिकारी आणि भक्ष्य या सर्वांचीच दाटी असलेल्या नागरहोळेत बिबट्या वाघाची वाट चुकवताना दिसला. एकच नियम सगळीकडे लागू नव्हता. प्रत्येक जंगलात तिघांनी आपापली तडजोड काढली होती.

खाणाऱ्यामुळे वाचणारे

इथवर शिकाऱ्यांच्या वाटणीची गोष्ट झाली. पण जे खाल्ले जातात, त्यांचे काय? शिकारी नसता तर ते सगळे सुखाने नांदले असते, असे वाटणे साहजिक आहे. समुद्राकाठच्या एका साध्या प्रयोगाने हा समज मोडून काढला.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील पॅसिफिक किनाऱ्यावर मका बे नावाची खाडी आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या तिथल्या खडकांवर शिंपले, बार्नाकल, गोगलगायी, समुद्रशैवाल अशी गर्दी असते आणि त्यांना खाणारा जांभळट-केशरी तारामासाही असतो. १९६३ पासून रॉबर्ट पेन या प्राणिशास्त्रज्ञाने खडकाच्या एका तुकड्यावरचे तारामासे उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा तुकडा जसाच्या तसा ठेवला. तारामासा सर्वाधिक आवडीने खातो ते काळे शिंपले, म्हणजे कोकण-गोव्यातल्या शिनाण्यांचे भाऊबंद. खाणारा गेल्यावर हे शिंपले पसरत गेले. खडकावरची जागा त्यांनी व्यापली आणि बाकीच्यांना पाय ठेवायलाही जागा उरली नाही. १९६६ मध्ये पेन यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्या तुकड्यावरच्या १५ जातींपैकी ८ च उरल्या होत्या.

तारामासा खडकावरच्या दांडग्यालाच अधिक खात होता आणि त्यामुळे दुबळ्यांना जागा मिळत होती. कमान तोलून धरणाऱ्या मधल्या दगडावरून पेन यांनी अशा जातीला १९६९ मध्ये ‘कीस्टोन’ जाती असे नाव दिले. ते पुढे जगभर रुळले.

शिकाऱ्यांची आणखी एक सवय याच दिशेने काम करते. बहुतेक शिकारी एकाच पदार्थाला चिकटून बसत नाहीत. जे मुबलक, ते अधिक खातात. ते विरळ झाले की दुसऱ्याकडे वळतात. चितळ कमी झाले तर त्यांच्या मागे उरल्यासुरल्या जंगलात वणवण करण्यापेक्षा रानडुकरे किंवा वानरे मारणे सोपे असते. त्यामुळे विरळ झालेल्या जातीला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि वाढलेल्या जातीला लगाम बसतो.

ही सवय किती मोलाची आहे ते गणिताने दाखवले. भौतिकशास्त्रातून परिसंस्थाशास्त्राकडे वळलेले रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अडचणीचा प्रश्न टाकला होता. त्यांच्या समीकरणांप्रमाणे अन्नजाळ्यात जितक्या जाती आणि जितके धागे जास्त, तितके ते कोसळण्याची शक्यता जास्त. मग शेकडो जातींची जंगले उभी कशी? या प्रश्नावर पुढे अनेक उत्तरे सुचवली गेली. त्यांतले एक जपानचे मिचिओ कोंदोह यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. समीकरणांतले प्राणी आयुष्यभर ठरलेलेच खातात असे न धरता, ते परिस्थिती पाहून खाणे बदलतात असे धरले, तर गुंतागुंत वाढली की जाळे अधिक टिकाऊ होऊ शकते. एक धागा सैल पडला की दुसरा ताण घेतो. अन्नजाळे म्हणजे भिंतीवरचा ठरीव तक्ता नव्हे; त्यातले बाण दर हंगामाला जागा बदलतात.

उसातला बिबट्या, गल्लीतला कुत्रा

खाणे बदलण्याची ही क्षमता सगळ्यांत ठळक दिसते ती महाराष्ट्रातल्या बिबट्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरमागे ३०० हून अधिक माणसे राहणाऱ्या, उसाने वेढलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आढळले, आणि जवळपास तितकेच तरस. इथे वाघ नाही, गवा नाही, चितळांचे कळप नाहीत. मग हे खातात काय?

पुन्हा विष्ठेतले केस कामी आले. बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता. त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा होता कुत्र्यांचा. परिसरात शेळ्या कुत्र्यांपेक्षा सुमारे सातपट असूनही आहारात त्यांचा वाटा ११ टक्केच होता. कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, तिच्यावर राखण असते. कुत्रा मोकळा असतो. वाघ मोठ्या जनावराची निवड ज्या हिशेबाने करतो, त्याच हिशेबाने बिबट्या कुत्र्याची करतो: कमी धोका, कमी मेहनत, पुरेसे मांस.

मुंबईत या निवडीचा थेट आरोग्याशी संबंध जोडला गेला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने दाट वस्ती आहे आणि तिथे भटके कुत्रे आहेत. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खात असावेत आणि त्यामुळे श्वानदंशाच्या सुमारे १,००० घटना व रेबीजची संभाव्य ९० प्रकरणे टळत असावीत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण जंगलातला शिकारी काय खातो याचा शहरातल्या दवाखान्याशी संबंध असू शकतो, हे त्यातून समजते.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. कुत्र्याच्या मागावर वस्तीत आलेला बिबट्या माणसाच्या जवळ येतो आणि लहान मुलांचे, एकट्या माणसांचे जीव गेल्याच्या घटना घडतात. कुत्र्यांमार्फत रोगही जंगलात जातात. गुजरातमधील गीरमध्ये २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांपैकी काहींच्या शरीरात ‘कॅनाइन डिस्टेंपर’ हा कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा विषाणू सापडला होता. फुकटचे अन्न शिकाऱ्यालाही महागात पडू शकते.

रिकामी झालेली एक पंगत

मोकाट कुत्र्यांची संख्या इतकी का वाढली, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण अन्नजाळ्यातच आहे. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या गुरांवर पूर्वी गिधाडांचे थवे उतरत आणि बैल तासाभरात हाडांपर्यंत साफ होई. १९९० च्या दशकात ही गिधाडे झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण होते गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले की त्याच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी घातली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते.

पंगत उठली, तरी ताटे वाढलेलीच राहिली. त्या मांसावर कुत्रे पोसले गेले, उरलेले सडून पाण्यात मिसळले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिथे पूर्वी गिधाडे होती असे जिल्हे आणि जिथे ती फारशी नव्हती असे जिल्हे यांतील मृत्युदरांची तुलना केली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक मरण पावली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

कुत्रा गिधाडाची जागा पूर्णपणे भरू शकत नाही. तो मृत जनावर तितक्या वेगाने आणि तितके स्वच्छ संपवत नाही, आणि तो रेबीज पसरवतो. दोघेही मांसच खातात. पण खाण्याच्या पद्धतीतला फरक माणसाच्या जगण्या-मरण्याचा ठरला.

मोजायचे कोणाला?

या साऱ्याचा व्यवहारात अर्थ काय? पहिला असा की शिकारी ‘उचलून जंगलात सोडणे’ हा सोपा वाटणारा उपाय फसवा आहे. जंगल म्हणजे रिकामी खोली नव्हे. तिथली वाटणी आधीच झालेली असते. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम २००१ मध्ये सुरू झाली. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत; मोहिमेनंतर ते सरासरी १७ वर गेले. परक्या जागेत सोडलेल्या प्राण्याला ना रस्ते ठाऊक असतात, ना अन्न.

दुसरा अर्थ कचऱ्याशी आणि गोठ्याशी निगडित आहे. कोंबड्यांच्या दुकानांचा टाकाऊ माल, लग्नाच्या जेवणावळींचे उरलेले अन्न, रस्त्याकडेला फेकलेली मेलेली जनावरे, यांवर कुत्रे वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण, कचऱ्याची विल्हेवाट, रात्री बंद राहणारा भक्कम गोठा ही कामे वन्यजीव संवर्धनाची वाटत नाहीत, पण बिबट्याच्या हिशेबात नेमकी तीच मोडतात.

तिसरा अर्थ जंगलाच्या आतला आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या व्याघ्रगणनेत १९० वाघ होते; २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. वाघ वाढताना बिबट्या आणि रानकुत्रा यांना जंगलात जागा राहायची असेल, तर वाढत्या वाघांना पुरून उरतील इतकी सांबरे, गवे आणि चितळे हवीत. ताडोबात जामणी आणि नवेगाव या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या जुन्या शेतांची कुरणे झाली. तिथे आज तृणभक्ष्यांचे कळप चरताना दिसतात. शिकाऱ्यांची भांडणे मिटवण्याचा याहून खात्रीचा मार्ग सध्या तरी माहीत नाही.

दर चार वर्षांनी व्याघ्रगणनेचे आकडे जाहीर होतात, तेव्हा मथळा वाघाचा असतो. त्याच मोहिमेत वनरक्षक आखून दिलेल्या दोन किलोमीटरच्या रेषेवर पहाटे चालत चितळ, सांबर, गवे मोजतात, त्यांच्या लेंड्याही मोजतात. ते आकडे क्वचितच बातमीत येतात. पुढच्या चार वर्षांत त्या जंगलात कोण राहील आणि कोण गावाच्या कडेला येईल, याचा अंदाज बांधायचा तर तेही आकडे आधी पाहायला हवेत.